लिलावघरं जुन्या अमेरिकी फर्निचरचा बोलबाला कसा करतात, आणि त्यातलं तुमच्या कामाचं किती

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतलं जुनं घर घेतलं, त्यासोबत माळ्यावरचं तिरप्या झाकणाचं एक डेस्क, चांदीचा चहाचा सेट आणि निळ्या नक्षीच्या दोन राखाडी बरण्याही आल्या. बघायला आलेला लिलावघराचा माणूस म्हणाला, "याचं आम्ही जोरदार मार्केटिंग करू." हे मार्केटिंग म्हणजे काय, त्यानं भावात खरंच फरक पडतो का, आणि न्यू यॉर्कच्या मोठ्या नावाकडे जावं की जवळच्या लिलावघराकडे, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी ईशान्य अमेरिकेतल्या लिलावघरांमध्ये बरीच वर्षं कॅटलॉग लिहिले, वस्तू उलट्यापालट्या करून तपासल्या आणि विक्रीच्या दिवशी फोनवर बोलीदार सांभाळले. त्यामुळे उत्तर आतल्या बाजूनं देतो.

लिलावात भाव एकटा घेणारा ठरवत नाही. त्याला शेवटपर्यंत नडणारा दुसरा माणूस ठरवतो. एकच हौशी माणूस असेल तर वस्तू राखीव किमतीच्या, म्हणजे ज्याखाली ती विकायचीच नाही असं ठरलेल्या आकड्याच्या, आसपास जाते, मग ती कितीही सुंदर असो. तो दुसरा माणूस शोधून हॉलमध्ये, फोनवर किंवा स्क्रीनसमोर आणून बसवणं हेच खरं मार्केटिंग. मासिकातलं पानभर रंगीत चित्र हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग, जरी तुम्हाला दाखवताना तेच आधी दाखवतात.

आता तुम्हाला कदाचित न पटणारी गोष्ट. सगळ्यात परिणामकारक जाहिरात म्हणजे कमी अंदाज. कॅटलॉगमध्ये प्रत्येक लॉटखाली, म्हणजे विक्रीला क्रमांक देऊन ठेवलेल्या वस्तूखाली, ती कितीला जाईल याच्या अंदाजाचे दोन आकडे असतात, समजा 2,000 ते 4,000 डॉलर. मालकाला वाटतं की आकडा मोठा असला की वस्तूचा मान वाढतो. होतं उलटं. कमी अंदाज बघून दहा जण मनात वस्तू आपल्या दिवाणखान्यात ठेवून बघतात, त्यातले चार जण नाव नोंदवतात आणि एकदा हात वर गेला की तो खाली घेणं जड जातं. 10,000 ते 15,000 लिहिलं की तेच दहा जण पान उलटतात. वर वस्तू न विकता परत आली तर ती 'जळाली' असं धंद्यात म्हणतात आणि पुढची काही वर्षं प्रत्येक डीलरला ते आठवतं. राखीव किंमत सहसा खालच्या अंदाजाच्या वर ठेवत नाहीत. म्हणून अंदाज ठरवण्याची बैठक हीच खरी मार्केटिंगची बैठक, आणि तिथे तुम्ही हजर असायला हवं. मात्र मागे उभं राहणारं गिऱ्हाईकच नसलेल्या वस्तूला हा उपाय लागू पडत नाही. त्याबद्दल पुढे बोलतो.

दुसरी गोष्ट तारखेची. अमेरिकाना, म्हणजे वसाहतकाळापासूनचं अमेरिकी फर्निचर, चांदी, लोककला, नक्षीची भांडी वगैरे, यांचा हंगाम जानेवारीत न्यू यॉर्कला असतो. त्या दिवसांत क्रिस्टीज आणि सदबीज या दोन मोठ्या लिलावघरांच्या विक्र्या होतात आणि त्याच सुमाराला पार्क अव्हेन्यू आर्मरीत विंटर शो भरतो. हे प्रदर्शन 1955 पासून चालू आहे. ईस्ट साइड हाऊस या समाजसेवी संस्थेच्या मदतीसाठी ते भरवतात. देशभरातले संग्राहक, डीलर, संग्रहालयांचे क्युरेटर त्या आठवड्यात शहरात असतातच. लिलावघरानं वेगळं बोलावणं धाडायची गरज उरत नाही, फक्त प्रीव्ह्यूची, म्हणजे विक्रीआधी वस्तू बघू देण्याची, वेळ त्यांच्या जेवणाच्या आणि व्याख्यानांच्या आड येणार नाही एवढं बघायचं. ऑगस्टमध्ये हीच गर्दी न्यू हॅम्पशायरला सरकते. छोट्या लिलावघरांनीही आपापले दिवस बांधून घेतलेत. कनेक्टिकटमधल्या नादोज या लिलावघराची 1 जानेवारीची विक्री बघा. सुट्टी, थंडी, घरी पाहुणे, करायला दुसरं काही नाही. लोक आपसूक येतात. त्यामुळे 'माझी वस्तू कोणत्या विक्रीत आणि कोणत्या तारखेला टाकणार?' हा प्रश्न 'जाहिरातीवर किती खर्च करणार?' यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. जुलैच्या कुठल्यातरी मंगळवारी किरकोळ मालाच्या विक्रीत तुमचं डेस्क चारशेव्या लॉटला आलं तर पुढचं सगळं व्यर्थ.

मग येते गोष्ट, म्हणजे वस्तूची कथा. धंद्यात प्रोव्हेनन्स म्हणतात तो मालकीचा इतिहास. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 3 जून 1989 चं. क्रिस्टीजनं न्यू यॉर्कला निकोलस ब्राऊनचं डेस्क-बुककेस विकलं. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या गोडार्ड आणि टाऊनसेंड या सुतार घराण्यांच्या परंपरेतलं काम, 1760 च्या दशकातलं, शिंपल्यांची ती प्रसिद्ध कोरीव नक्षी असलेलं. हातोडा 1 कोटी 10 लाख डॉलरवर पडला आणि घेणाऱ्यानं लिलावघराला वर द्यायचा 10 टक्के प्रीमियम धरून किंमत झाली 1 कोटी 21 लाख. बोली लावणारे होते हॅरोल्ड सॅक, इस्रायल सॅक या नामांकित डीलर पेढीचे. त्याआधी जानेवारी 1987 मध्ये सदबीजमध्ये फिलाडेल्फियाच्या कॅडवालाडर कुटुंबाची केसाळ पंजाच्या पायांची खुर्ची 27 लाख 50 हजारांना गेली होती, आणि तेव्हाही लोक तोंडात बोट घालून बसले होते. दोन-अडीच वर्षांत चौपट उडी! नंतर तीस वर्षं उलटली तरी अमेरिकी फर्निचरचा तो विक्रम मोडला नव्हता.

लाकूड उत्तमच होतं, पण प्रचार कशाचा झाला ते बघा. प्रॉव्हिडन्सच्या ब्राऊन भावांसाठी अशी डेस्कं बनली होती. जॉनचं येल विद्यापीठाच्या संग्रहात, जोसेफचं ऱ्होड आयलंड हिस्टॉरिकल सोसायटीकडे. म्हणजे ती बाजारात येणं अशक्यच. निकोलसचं मात्र त्याच कुटुंबात पिढ्यान् पिढ्या राहिलेलं, बाजारानं कधी न पाहिलेलं. 'ही संधी पुन्हा येणार नाही' हे वाक्य प्रत्येक कॅटलॉगमध्ये असतं. इथे ते शब्दशः खरं होतं. त्यात विकण्याचं कारणही स्वच्छ होतं: कुटुंबाच्या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा होता. विकणारा का विकतोय हे घेणाऱ्याला नेहमी जाणून घ्यायचं असतं. कारण पटलं की शंका कमी होतात आणि बोली वाढते.

हे काही नवं तंत्र नाही. 1929 च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कला राइफस्नायडर संग्रह विकला गेला, तेव्हा व्हॅन पेल्ट हायबॉय म्हणून ओळखलं जाणारं फिलाडेल्फियाचं उंच कपाट संग्राहक हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी 44,000 डॉलरना घेतलं. समोर नडत होते वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट. पाचच वर्षांपूर्वी, 1924 मध्ये, मेट्रोपॉलिटन म्युझियमची अमेरिकन विंग उघडली होती आणि आपल्या पणजोबांच्या खुर्च्या ही कला आहे हे श्रीमंतांना नुकतंच कळू लागलं होतं. ते कपाट आज विंटरथर संग्रहालयात आहे. दोन धनाढ्य माणसं आणि तिसरं संग्रहालयानं दिलेलं प्रमाणपत्र, हे सूत्र अजूनही तसंच आहे.

कथेचा धोकाही सांगितला पाहिजे, कारण तुमच्यासारख्या मालकाला घरातल्या आठवणी रंगवून सांगायचा मोह होतो. हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयानं अमेरिकी यादवी युद्धाच्या स्मरणार्थ बनवलेलं म्हणून एक कोरीव सेक्रेटरी-कपाट, म्हणजे लिहायच्या डेस्कसह कपाट, घेतलं. सैनिक भावाची हृदयद्रावक हकिगत, सोबत जुनं पत्र, सगळं जुळून आलेलं. 2015 च्या विंटर शोमध्ये त्यानं सगळ्यांना जिंकलं होतं. 2018 मध्ये उघड झालं की एका आधुनिक कारागिरानं ते कपाटही सजवलं होतं आणि कथाही रचली होती. तो व्यवहार डीलरमार्फत झाला होता, लिलावात नाही, पण परिणाम आमच्यावरही झाला. तेव्हापासून 'आमच्या आजीनं सांगितलं होतं' याला चांगलं लिलावघर हात जोडून नमस्कार करतं आणि वारसपत्र, जुनी यादी, विमा, जुना फोटो मागतं. तुमच्याकडे घराच्या आधीच्या मालकांचे कागद असतील तर तेच द्या, बाकी काही रचू नका.

प्रचाराची रोजची कामं मात्र रुक्ष असतात. विक्रीच्या तीन-चार महिने आधी वस्तू आली पाहिजे. फोटो निघतात: समोरून, मागून, ड्रॉवर बाहेर काढून, तळ आणि सांधे दाखवून. नवख्याला वाटतं समोरचा देखणा फोटो महत्त्वाचा. जाणकार आधी ड्रॉवरच्या बाजूचे सांधे आणि पायांचा खालचा भाग मागतो, कारण पाय बदललेत का, वरचा भाग एका कपाटाचा आणि खालचा दुसऱ्याचा तर नाही ना, हे तिथे कळतं. दोष लपवणारा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या स्थितीचा अहवाल, ही सगळ्यात वाईट जाहिरात. 'मागचा डावा पाय बदललेला' असं स्वच्छ लिहिलं की उरलेल्या वर्णनावर विश्वास बसतो आणि दूरवरून फोनवर बोली लावणारा निर्धास्त होतो.

मग या धंद्याची वर्तमानपत्रं. मेन अँटिक डायजेस्ट 1973 पासून निघतं आणि ते भाव छापतं, न विकलेल्या वस्तूही छापतं, प्रसंगी लिलावघराला टोचतंही. कनेक्टिकटच्या न्यूटाऊनमधून अँटिक्स अँड द आर्ट्स वीकली निघतं, ज्याला धंद्यात सगळे 'बी' म्हणतात. या दोन्हींत जाहिरात देणं म्हणजे साधारणपणे डीलरना आणि पक्क्या संग्राहकांना बोलावणं. खरा फायदा जाहिरातीत नसतो. त्यांचा वार्ताहर प्रीव्ह्यूला आला, वस्तूपाशी थांबला आणि पुढच्या अंकात चार ओळी लिहिल्या, तर त्याचं वजन दहा जाहिरातींएवढं. म्हणून चांगलं लिलावघर जाहिरातीपेक्षा वार्ताहराला वस्तू आधी दाखवण्यात वेळ घालवतं.

इंटरनेटनं काय बदललं? लाइव्हऑक्शनियर्स, इन्व्हॅल्युएबल, बिडस्क्वेअर अशा मंचांवर सगळ्यांचेच कॅटलॉग असतात, त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या पुक अँड पुक या लिलावघराचं डेस्क कॅलिफोर्नियातला माणूसही बघतो. 2020 नंतर मोठ्या लिलावघरांनीही छापील कॅटलॉग खूप कमी केले. पण सगळीकडे दिसणं म्हणजे कुणाच्याही नजरेत भरणं नव्हे. हजारो लॉटांच्या गर्दीत तुमची वस्तू शोधाला सापडायची तर वर्णनात ठिकाण, काळ, लाकूड, कारागीर हे शब्द नेमके हवेत. 'जुनं सुंदर डेस्क' असं लिहिणाऱ्याला हाकलून द्यावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

टीव्हीचा परिणाम मात्र या सगळ्याहून मोठा. तुमच्या घराजवळचीच गोष्ट. न्यू जर्सीच्या सिकॉकस गावी अँटिक्स रोडशो या, लोकांच्या जुन्या वस्तूंची किंमत सांगणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं, तिथे एक निवृत्त शिक्षिका गॅरेज सेलमध्ये 25 डॉलरना घेतलेलं छोटं टेबल घेऊन आल्या. ते निघालं बोस्टनच्या जॉन सीमोर आणि मुलाच्या कारखान्यातलं. जानेवारी 1998 मध्ये सदबीजनं ते 5,41,500 डॉलरना विकलं. त्यानंतर आमचे फोन कित्येक महिने थांबले नाहीत, प्रत्येकाच्या तळघरात सीमोर टेबल होतं म्हणे. नावाचं वलयही असंच चालतं. साध्या, दणकट शैलीचा फर्निचरकार गुस्ताव स्टिकली याच्या स्वतःच्या घरातला ओक लाकडाचा साइडबोर्ड गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्राइसँड यांनी 1988 मध्ये क्रिस्टीजमध्ये 3,63,000 डॉलरना घेतला. बातमी सगळीकडे झळकली आणि त्या शैलीच्या साध्या खुर्च्यांकडेही लोक वळून बघू लागले. 1999 मध्ये त्यांनी तोच साइडबोर्ड विकला तेव्हा 5,96,500 आले.

संग्रहालयांचं गणित वेगळं. क्युरेटरला आवडली म्हणून वस्तू घेता येत नाही. समितीची बैठक, पैशाची मंजुरी, कधी देणगीदार शोधणं. हे सगळं विक्रीआधी व्हायला हवं, म्हणून त्यांना कॅटलॉग निघण्याआधीच फोटो जातात. डेव्हिड ड्रेक यांच्या बरणीचं उदाहरण माझ्या फार आवडीचं. साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डचे हे गुलाम कुंभार. गुलामांना लिहायला शिकवणं 1834 पासून कायद्यानं गुन्हा असताना आपल्या भांड्यांवर सही करत आणि दोन ओळींची कविता कोरत. त्यांची 1858 सालची 25 गॅलनची बरणी मेरीलँडच्या क्रॉकर फार्म या लिलावघरानं ऑगस्ट 2021 मध्ये 15 लाख 60 हजार डॉलरना विकली, घेतली आर्कान्सासच्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयानं. क्रॉकर फार्म हे न्यू यॉर्कचं मोठं नाव नव्हे. पण अमेरिकी मातीच्या भांड्यांत त्यांच्याइतका शब्द कुणाचा चालत नाही. मोठं नाव की जवळचं लिलावघर, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं उत्तर सदबीजच्या नोव्हेंबर 2024 च्या विक्रीत. ओहायोतल्या कँटनच्या एका बाप्टिस्ट चर्चमधली, लुई टिफनी यांच्या न्यू यॉर्कमधल्या टिफनी स्टुडिओची 1913 ची रंगीत काचेची खिडकी, रचना ॲग्नेस नॉर्थ्रॉप यांची. ती नेहमीच्या डिझाइनच्या विक्रीत टाकता आली असती. त्यांनी ती आधुनिक चित्रकलेच्या सायंकाळच्या विक्रीत ठेवली, जिथे मोनेसारख्या चित्रकारांची चित्रं विकत घेणारी माणसं बसलेली असतात. अंदाज 50 ते 70 लाखांचा होता, किंमत आली 1 कोटी 24 लाख 80 हजारांच्या आसपास. वस्तू तीच, शेजार बदलला. असं करणं फक्त मोठ्या लिलावघराला जमतं, आणि तेही अशाच वस्तूसाठी. तुमचं डेस्क घेऊन ते असं काही करणार नाहीत.

यात आपल्याकडचा एक धागा आहे. लॉकवुड डी फॉरेस्ट हे टिफनींचे सहकारी. त्यांनी 1881 मध्ये अहमदाबादला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, मगनभाई हठीसिंग यांच्यासोबत लाकूडकामाचा कारखाना काढला आणि तिथलं कोरीव काम न्यू यॉर्कच्या घरांत बसवलं. असा लॉट हाती आला तर मी तो अमेरिकाना विक्रीत पुरून टाकण्याऐवजी मार्चमधल्या एशिया वीक या न्यू यॉर्कमधल्या आशियाई कलेच्या आठवड्याच्या सुमाराला ठेवायला सांगेन, म्हणजे दोन्हीकडची माणसं येतील.

आता कडू भाग. तथाकथित ब्राऊन फर्निचर, म्हणजे महॉगनी-अक्रोडाची बरी पण असाधारण नसलेली कपाटं, डेस्कं, जेवणाची टेबलं, यांचा बाजार 2000 नंतर कोसळला तो सावरलेला नाही. घरं बदलली, लोक सतत शहरं बदलतात, मोठं कपाट कुणाला नको. लिलावघरं आता पांढऱ्या भिंतीसमोर, आधुनिक दिव्याखाली, बाजूला रोपटं ठेवून फोटो काढतात, इन्स्टाग्रामवर टाकतात, 'नव्या पार्टिकल बोर्डापेक्षा टिकाऊ आणि पर्यावरणपूरक' असं लिहितात. थोडा फरक पडतो. 300 डॉलरचं 450 ला जातं. 3,000 ला नाही जात. कुणी तसं आश्वासन देत असेल तर त्याला तुमच्या डेस्कपेक्षा चांदीचा सेट हवाय असं समजा.

तर तुमच्या वस्तूंबद्दल. डेस्क बहुधा जवळच्या, अमेरिकाना नियमित विकणाऱ्या लिलावघराकडेच द्यावं, कमी अंदाजानं. मात्र आधी ड्रॉवरच्या तळाशी खडूनं लिहिलेलं काही आहे का, मागच्या फळीवर चिठ्ठी आहे का ते बघा, आणि पॉलिश तर अजिबात करू नका. जुना पृष्ठभाग गेला की किमतीचा मोठा वाटा जातो. चांदीच्या सेटला खालून बघा. अमेरिकी चांदीवर इंग्लंडसारखी सरकारी ठशांची पद्धत नव्हती, कारागिराचं नाव किंवा आद्याक्षरं असतात. ती ओळखीची निघाली तर ठीक, नाहीतर तुमचा खालचा भाव चांदी वितळवणारा ठरवेल, आणि मुलामा असेल तर तोही नाही. बरण्यांवर मला जास्त कुतूहल आहे. राखाडी मिठाची झिलई आणि कोबाल्टची निळी नक्षी असेल तर त्या मॅनहॅटनच्या क्रोलियस किंवा रेमी या कुंभार घराण्यांच्या, नाहीतर तुमच्याच न्यू जर्सीतल्या चीझक्वेकच्या मॉर्गन भट्टीच्याही असू शकतात. त्यांचे फोटो मातीच्या भांड्यांत मुरलेल्या लिलावघराला वेगळे पाठवा. तिन्ही वस्तू एकाच माणसाला देण्याची काही सक्ती नाही.

करार करताना विचारा: कोणती विक्री, कोणती तारीख, सुमारे कितवा लॉट, ऑनलाइन कोणत्या मंचांवर, फोटोंचे आणि विम्याचे पैसे वेगळे का, न विकल्यास परत नेण्याचा खर्च कुणाचा, तुमच्याकडून कमिशन किती आणि घेणाऱ्याकडून प्रीमियम किती. तो प्रीमियम आज बऱ्याच ठिकाणी चतुर्थांशाच्या आसपास असतो आणि घेणारा तो धरूनच बोली लावतो, म्हणजे तोही एका अर्थी तुमच्याच खिशातून जातो. आणि मागच्या वर्षभरात याच प्रकारच्या वस्तू त्यांनी कितीला विकल्या ते मागा. चांगला माणूस न विकलेल्याही दाखवेल. बरण्यांचे तळाचे आणि कानांजवळचे फोटो काढलेत की इथेच टाका, ठसा असला तर मी सांगेन कुणाला फोन करायचा.